कंडक्टर कोठे गेला?

गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग वीस वर्षांनी काढणे हा बहुधा गल्ल्याचा हिशेब असतो. सचिन पिळगांवकर यांचा ‘नवरा माझा नवसाचा २’ (सप्टेंबर २०२४) त्याला अपवाद नाही. परंतु या चित्रपटात एक बदल असा आहे की ज्याची दखल कामगारवर्गाने घ्यावी.

२००४ च्या पहिल्या चित्रपटाचे खरे पात्र म्हणजे मुंबईहून गणपतीपुळ्यास निघालेली एस. टी. होती. नवस आणि त्यापायी उडणारी जोडप्याची त्रेधा हे निमित्त. प्रेक्षकांनी जपून ठेवला तो अशोक सराफ यांचा कंडक्टर: उतारूंवर डाफरणारा, आणि तरीही त्यांच्यातलाच एक. दुसऱ्या भागात मुलगी मोठी झाली आहे, प्रवास कोकण रेल्वेने होतो, आणि तेच सराफ तिकीट तपासनीस म्हणून येतात. कंडक्टर तिकीट देतो, तपासनीस तिकीट नसलेल्यास पकडतो. साहजिकच हास्याची जातही बदलते. सराफ आपल्या अभिनयाने पुष्कळ सावरून नेतात, ही गोष्ट वेगळी.

मधल्या काळात त्या कंडक्टरचे काय झाले? १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर सुरू झालेल्या या सेवेत २०१७ पासून ‘शिवशाही’च्या रूपाने खाजगी मालकांच्या भाड्याच्या गाड्या शिरल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचारी राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संपावर राहिले. वेतनवाढ मिळाली, विलीनीकरण नाकारले गेले. विनोदी चित्रपटाने संपावर भाषण द्यावे असे कोणी म्हणणार नाही. पहिल्यानेही दिले नव्हते. पण त्याचा विनोद एका माणसाच्या रोजच्या कामातून उगवला होता, आणि ते कामच येथे वगळले आहे.

कोकण रेल्वेला कमी लेखण्याचा हेतू नाही. १९९८ मध्ये देशाला अर्पण झालेल्या या मार्गात महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकाचाही वाटा आहे. यशवंतपूरहून कारवारकडे निघालेली गाडीसुद्धा मंगळूर मागे टाकल्यावर याच रुळांवर येते. मात्र हे रूळ गणपतीपुळ्यास जात नाहीत. रत्नागिरीस उतरावे लागते, आणि पदरी रिक्षाचे भाडे नसलेला भाविक तेथून एस. टी.चीच वाट पाहतो.