‘जिन’ शब्दाचे घराणे

“मनी माय जिनमा जास.” धुळ्याजवळच्या आमच्या गावात हे वाक्य लहान पोरालाही समजते. दिवाळीनंतर कपाशी बाजारात आली की माय पहाटे भाकरी बांधून जिनात जाते आणि संध्याकाळी केसांत रुई घेऊन परतते. जळगावला कॉलेजात प्रवेश घेताना मात्र आईच्या व्यवसायापुढे मी नुसते ‘मजुरी’ असे लिहिले. ‘जिन’ म्हटले की येथील काही मित्रांना दारू आठवते, तर काहींना भूत!

गंमत अशी की, हे तिन्ही जिन एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. भुताचा जिन अरबीतला. दारूचे नाव जुनिपर या झुडपाच्या फळावरून पडले. आमचा कापसाचा जिन म्हणजे ‘एंजिन’ या शब्दाचे आखूड रूप. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी. पुढे बुद्धीने योजलेली युक्ती आणि मग यंत्र, असा अर्थ सरकत गेला. ‘इंजिनिअर’ हाही त्याच घराण्यातला.

इंग्रजीत या शब्दाला आणखी एक अर्थ होता : शिकारीचा फासा. तोही खरा ठरला. १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीने जिन बनविला. सरकी झपाट्याने निघू लागली, कापसाची लागवड वाढली आणि तिच्याबरोबर गुलामगिरीही वाढली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तो कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा आपल्या खानदेशच्या कापसाला भाव चढला. युद्ध संपले आणि भाव कोसळला.

मित्रहो, माझे म्हणणे एवढेच, की शब्दांना उच्चनीचता आपण चिकटवतो. ‘इंजिनिअर’ म्हणताना आपली मान ताठ होते, ‘जिन’ म्हणताना ती खाली जाते. मूळ मात्र एकच! माझ्या मायला सही येत नाही, पण मूठभर कापूस हातात घेताच त्यातली ओल ती सांगते. ही उपजत बुद्धी नव्हे तर काय? असे म्हटल्याने तिची मजुरी वाढणार नाही, छातीत जाणारी धूळही थांबणार नाही, हे मी जाणतो. पण माझे लपविणे तरी थांबेल.

पुढील वर्षीच्या अर्जात मी स्पष्ट लिहिणार आहे : आईचा व्यवसाय – जिनात काम.