वातावरणाची किंमत

दुकानातील वातावरण फुकट नसते. त्याची किंमत अखेर ग्राहकच मोजतो. रोनाल्ड मिलिमन यांनी अमेरिकेतील एका सुपरमार्केटात केलेला प्रयोग १९८२ साली प्रसिद्ध झाला. द्रुत संगीताऐवजी संथ संगीत लावताच गिऱ्हाइकांची पावले मंदावली आणि विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक झाली. आपल्याकडे २००१ साली निघालेल्या ‘बिग बझार’ने उलट मार्ग धरला. चकचकीत शांततेला मध्यमवर्ग बिचकतो, हे ओळखून किशोर बियाणी यांनी मंडईची दाटी मुद्दाम राखली. साधने भिन्न, हेतू एकच. वाण्याकडे यादी आधी जाते, वस्तू नंतर येते. सुपरमार्केटात वस्तू आधी दिसते, गरज मागाहून सुचते. ज्याचे वेतन ठरलेले, त्याने यादी घरीच करावी आणि तीच प्रमाण मानावी.