रुंद काठांच्या टोपीचे मास्तर

निर्वासित म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कल्याणची छावणी उभी राहते, पिंपरीची उभी राहते. १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे आणि त्यांनी शून्यातून उभे केलेले संसार. अशा माणसाने आधी आपल्या पोटाचे पाहावे, मग पोराबाळांचे, एवढीच आपली अपेक्षा असते. परक्यांच्या मुलांना वळण लावायला तो निघेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

कुर्ट हान मात्र निघाले. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा देश सुटला, आणि उरलेली हयात त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांपायी वेचली. आपण पुण्यामुंबईकरांनी या जर्मन मास्तरांची आठवण का ठेवायची, ते ओघात येईलच.

हान यांचा जन्म १८८६ सालचा, बर्लिनच्या एका सुखवस्तू ज्यू घरातला. ऐन तारुण्यात त्यांना उन्हाचा जबरदस्त तडाखा बसला. पुष्कळ दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागले, आणि पुढे जन्मभर ऊन म्हणून सोसेना. त्यामुळे डोक्यावर रुंद काठांची टोपी कायमची आली. प्रकृती सुधारावी म्हणून ते उन्हाळ्यात उत्तर स्कॉटलंडला जात. त्या थंड, ढगाळ मुलखाशी जमलेली ही ओळख पुढे फारच उपयोगी पडली.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते जर्मनीचे चॅन्सेलर प्रिन्स मॅक्स यांचे चिटणीस होते. युद्ध हरल्यावर या दोघांनी १९२० साली सालेम येथे राजवाड्यातच शाळा काढली. शाळेचे नाव झाले, बड्या घरची मुले येऊ लागली. इथवरची गोष्ट एखाद्या यशस्वी हेडमास्तराची, म्हणून मी ती भरभर सांगतो आहे.

खरी परीक्षा आली ती १९३२ च्या ऑगस्टमध्ये. पोटेम्पा नावाच्या खेड्यात नाझी गुंडांनी एका कम्युनिस्ट कामगाराला त्याच्या आईच्या देखत मारून टाकले. मारेकऱ्यांना शिक्षा झाली, तेव्हा हिटलरने तार करून त्यांना पाठिंबा दिला. हान यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्रे धाडली. मजकूर रोखठोक होता : तुमच्यापैकी जे हिटलरच्या दलात असतील, त्यांनी एक तर त्याच्याशी संबंध तोडावा, नाही तर सालेमशी. शाळा चालवणारा माणूस सहसा असे पत्र लिहीत नाही. इमारत असते, देणगीदार असतात, पालक असतात. तो गप्प बसतो आणि त्याला व्यवहार म्हणतो. हान गप्प बसले नाहीत. १९३३ च्या मार्चमध्ये त्यांना अटक झाली. इंग्लंडमधल्या मित्रांनी हालचाल केली, पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी शब्द टाकला, म्हणून सुटका झाली; आणि जुलैत ते ब्रिटनला आले.

दुसरा कोणी वर्तमानपत्रांत लेख लिहून दिवस काढता. हान यांनी १९३४ साली, त्याच उत्तर स्कॉटलंडात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले घेऊन गॉर्डनस्टन येथे पुन्हा शाळा मांडली. पहाटेचे धावणे, गार पाण्याची अंघोळ, होड्या वल्हवणे हे तर होतेच. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. वादळी हवेत किनाऱ्यावर पहारा ठेवण्याचे काम तिथल्या मुलांकडे असे. संकटातल्या जहाजावर आपली नजर पडली नाही तर माणसे बुडतील, हे पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला ठाऊक असे. आपल्या घरांतून मुलाला दूध मिळते, शिकवणी मिळते, सायकलही मिळते. आपल्यावाचून कोणाचे अडले आहे, ही जाणीव मात्र त्याला लग्नापर्यंत होत नाही. पिशवी घेऊन दळण आणायला पाठवले तरी आई म्हणते, “अहो, त्याची परीक्षा आहे!”

ही पद्धत सगळ्यांनाच मानवली असे नव्हे. राजपुत्र फिलिप तिथे तयार झाले आणि शाळेचे गुण गात राहिले. पण त्यांचे चिरंजीव, आजचे राजे चार्ल्स, १९६२ साली तिथे गेले ते मुळीच रमले नाहीत. हळव्या मुलाला असल्या शाळेत कोंडू नये, असे माझेही मत आहे.

१९४१ साली, युद्धाच्या धुमाळीत, जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट हान यांना भेटले. जहाज बुडाल्यावर धडधाकट तरुण खलाशी हाय खाऊन मरतात आणि मुरलेले म्हातारे तग धरतात, असे होल्ट यांचे म्हणणे होते. त्यातून वेल्समध्ये ॲबरडोवी येथे महिनाभराचे शिक्षण सुरू झाले. ‘आउटवर्ड बाउंड’ हे त्याचे नाव पुढे जगभर झाले. तेव्हा हान पंचावन्न वर्षांचे होते, आपल्याकडे पेन्शनीचा हिशेब मांडायचे वय!

त्यांचे शेवटचे मोठे काम शहात्तराव्या वर्षीचे. कालचे शत्रू एका वर्गात बसून शिकताना त्यांनी पॅरिसच्या एका लष्करी महाविद्यालयात पाहिले होते. मग सोळा-सतरा वर्षांची मुले का बसणार नाहीत? १९६२ साली वेल्सच्या किनाऱ्यावर, सेंट डोनाट्सच्या किल्ल्यात, ‘अटलांटिक कॉलेज’ निघाले. देशोदेशीची मुले एकत्र राहू लागली. ज्या देशाने त्यांना हाकलले, त्या जर्मनीचीही.

त्याच घराण्यातले एक महाविद्यालय १९९७ पासून आपल्या मुळशी तालुक्यात, पौडजवळ, चालू आहे. फीचा आकडा ऐकून मध्यमवर्गीय बापाला घाम फुटेल. पण शिष्यवृत्त्या आहेत, आणि भोवतालच्या खेड्यांत जाऊन काम करणे हा तिथल्या शिक्षणाचाच भाग आहे. हान यांनी ते पाहिले नाही. ते १९५३ सालीच जर्मनीला परतले होते, आणि १९७४ च्या डिसेंबरात सालेमजवळच वारले.

सेंट डोनाट्सच्या मुलांनी मात्र एक चीज करून ठेवली. खवळलेल्या समुद्रात नेहमीची बोट खडकावर आपटून फुटे. म्हणून पहिले प्राचार्य, निवृत्त नौसेनाधिकारी डेझमंड होर, आणि मुले यांनी मिळून खालून टणक नि कडांना हवेची रबरी नळी असलेली बोट बनवली. तिचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला अवघ्या एका पौंडाला देऊन टाकले. आज जगभर बुडत्यांना काढायला तशा बोटी धावतात.