जुगाड म्हणू नका!

'जुगाड' हा शब्द हिंदीतून पाहुणा म्हणून आला आणि हल्ली आपल्या ओसरीवर पाय पसरून बसला आहे. चपलेला सेफ्टी पिन लावली, जुगाड. फटफटीचं मडगार्ड सुतळीनं बांधलं, जुगाड. इथवर माझी तक्रार नाही. पण आमच्या वडगाव निंबाळकरात माझा पुतण्या घरातल्या खोलीत विमानाचं कॉकपिट उभारतो आहे, आणि येणारा-जाणारा त्यालाही 'काय जुगाड केलाय पोरानं!' असं प्रशस्तिपत्र देऊ लागला आहे. ही स्तुती नाही, बदनामी आहे. आणि तिचा निषेध करणं काका या नात्यानं मला भाग आहे.

आधी प्रकरण काय ते सांगतो. संगणकाच्या पडद्यावर विमान चालवायचा खेळ मिळतो. तो कीबोर्डवरही चालतो. पण बारामतीवरून उडणारी शिकाऊ विमानं बघत वाढलेल्या पोराला खरी बटणं हवीत, खटकन् पडणारी. अडचण अशी, की संगणकाला हात कळत नाही, आकडे कळतात. हाताचे आकडे करून सांगणारा मधला दुभाषी म्हणजे इंटरफेस. आमचा दुभाषी म्हणजे आर्डुइनो मेगा नावाची तळहातावर मावणारी पट्टी. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करणारा जो भाग असतो, तोच पुतण्यानं थ्रॉटलच्या दांड्याला जोडला. दांडा सरकला की व्होल्टेज शून्य ते पाच यांमध्ये बदलतं आणि पट्टी त्याच्या 1024 पायऱ्या करून मोजते. मोबिफ्लाइट नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ते आकडे पडद्यावरच्या विमानाच्या कानात सांगतं. झालं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ''पण हे उडतं का?''

नाही उडत! उडू नये म्हणूनच तर ते बांधायचं. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थानं 1929 साली असंच एक न उडणारं विमान केलं. वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना. त्यातलेच भाते लावून त्यानं ते डुगडुगवलं. म्हणजे आपल्या नाटकातल्या ऑर्गनचं हे सख्खं भावंड. सुरुवातीला ते करमणुकीच्या बागांतच विकलं गेलं. तिथेही लोक 'खेळणं' म्हणूनच हसले असतील. 1934 साली टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा त्याच लष्करानं सहा खेळणी विकत घेतली. पुढं दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात बसून शिकले. चुका जमिनीवर कराव्यात, हे शहाणपण एका भात्यातून आलं.

आणि ज्यांना उडणारंच हवं त्यांच्यासाठी कॅप्टन अमोल यादव आहेत. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. 2016 साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि 2017 साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. त्याआधी गच्चीवर डोकावून लोक काय म्हणाले असतील, याचा अंदाज मला आमच्या ओसरीवरून येतो.

दुसरा आक्षेप शहरातल्या पाहुण्यांचा : ''अरे, तयार मिळतं की!'' मिळतं ना. पेटी येते, तार खुपसायची, बसायचं. ती बंद पडली की काय करायचं? नवी पेटी मागवायची! अहो, आमच्याकडे रात्री-बेरात्री लाइट आली की शेतकरी बॅटरी घेऊन मोटारीवर जातो, स्टार्टरचं झाकण उघडतो आणि कुठला संपर्क जळलाय ते वासावरून सांगतो. त्याच्या ऊसाला पाणी मिळतं ते झाकण उघडता येतं म्हणून. माझ्या शाळेत मात्र प्रयोगशाळेचं कपाट दहा वर्षं कुलूपबंद होतं. उपकरणं अगदी नवीकोरी राहिली. आणि आम्हीही कोरेच!

आता मूळ शब्दाकडे येतो. जुगाड म्हणजे आजचा दिवस निभावणं. इथं तसं भागत नाही. बटण एकदा दाबलं तरी आतला पत्रा काही क्षण थरथरतो. पट्टी इतकी चपळ, की तिला ते पाच-सहा वेळा दाबल्यासारखं वाटतं. चाकं खाली, वर, खाली! म्हणून प्रोग्रामात तिला सांगावं लागतं, की बाई, थरथर थांबेपर्यंत थोडं थांब, मग मोज. चौसष्ट बटणांना चौसष्ट तारा नकोत म्हणून आठ आडव्या, आठ उभ्या अशी जाळी केली, तर तीन बटणं दाबल्यावर चौथं न दाबताच दाबलं जातं; ग्रामसभेच्या वहीत गैरहजर माणसाचा अंगठा उमटावा तसं. मग प्रत्येक बटणाला एक डायोड. तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. मेव्हण्याला दिलेल्या उसन्या पैशांसारखी.

हे सगळं पोरानं चौसष्ट वेळा सोल्डर केलं, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावली, वहीत नकाशा काढला. उद्या तो नसला तरी दुसरा कोणी वही उघडून दुरुस्ती करील. जुगाडाला वही नसते. चालतं आहे एवढं जुगाडाला पुरतं. का चालतं हे ज्याला ठाऊक, तो कारागीर. मराठीत चांगला शब्द आहे, तो वापरा.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी घरी यावं, खुर्चीत बसावं आणि चाकं खाली आणून दाखवावीत. चहा आमच्याकडून. बटण मात्र एकदाच दाबा. यंत्राला एकदा सांगितलेलं कळतं; इतके लेख माणसांसाठीच लिहावे लागतात.