अंगठा उठवण्याआधी विचारा

प्लास्टिक सर्जरी म्हटले की आपल्या माणसांना सिनेमातल्या नट्या आठवतात. नाक सरळ करून घेणाऱ्या, पोटाची चरबी काढून घेणाऱ्या. हा पैसेवाल्यांचा चोचला, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून आपण पान उलटतो. वाचकांनी आज तसे करू नये, ही विनंती. कारण या शस्त्रक्रियेची खरी गरज बंगल्यांना नाही. ती वीटभट्टीवर आहे, यंत्रमागाच्या खोलीत आहे, चुलीपुढे आणि स्टोव्हपुढे बसलेल्या आपल्या आयाबहिणींना आहे.

भिवंडी तालुक्यातील दिघाशी परिसरात एका बैठकीच्या निमित्ताने आमचे जाणे झाले. बैठक आटोपल्यावर वीटभट्टीवर काम करणारी एक कातकरी बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन पुढे आली. भाताच्या उकळत्या पेजेचे पातेले कलंडून मुलीचा उजवा हात भाजला होता. जखम भरली, पण कातडी आक्रसत गेली आणि बोटे तळहाताला चिकटली. कोणी तरी वाट दाखवली म्हणून एका रुग्णालयात ऑपरेशन झाले. मांडीची कातडी काढून हाताला लावली, बोटे मोकळी झाली. घरी येऊन चार महिने झाले नाहीत तोच बोटे पुन्हा वाकू लागली.

"दादा, हाताला बांधायची एक पट्टी दिली होती. पोर रडायची, खाज येते म्हणायची, म्हणून सोडून ठेवली. किती महिने बांधायची ते कोणी बोललाच नाय," ती माउली सांगत होती. मांडीची कातडी काढणार आहेत, हेही तिला ऑपरेशन झाल्यावर कळले. कागदावर अंगठा मात्र तिचाच होता.

आम्ही त्या बाईला दोष देणार नाही. सर्जनचा हातही वाईट नसावा, कारण बोटे सुटली होती. मग चुकले कुठे? चुकले त्या अंगठ्यापाशी. कागद पुढे सरकवायचा, "इथे अंगठा लावा" म्हणायचे आणि निरक्षर माणसाने साहेबापुढे मान खाली घालून तो लावायचा, ही आपल्या देशाची जुनी रीत आहे. सावकाराच्या वहीवर असाच अंगठा उठत होता. आता तो ऑपरेशनच्या संमतीपत्रावर उठतो.

ही विद्या आपली नव्हे, मोठ्या लोकांची आहे, असा जो धाक आपल्या मनात बसला आहे, त्याला इतिहासाचा आधार नाही. 'प्लास्टिक' हा शब्द येथे पिशवीच्या प्लास्टिकचा नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणे, आकार देणे. आणि घडवणारा कोण होता, ते वाचकांनी लक्षात ठेवावे. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेचा एक मराठा बैलगाडीवान पकडला गेला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. इंग्रजांनी त्याचे नाव कावसजी असे लिहून ठेवले आहे. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर ती शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये तिची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात ही विद्या नव्याने रुजली.

पुण्याजवळचा तो माणूस कोण होता? त्याची जात त्या हकिकतीत नोंदली आहे. तो विटा घडवणाऱ्यांच्या जातीचा होता. त्याचे नाव मात्र कोणी नोंदले नाही. गाडीवानाचे नाव राहिले, डॉक्टरांची नावे राहिली, चित्रकाराचे राहिले, ज्याच्या हातात चाकू होता त्याचे तेवढे गेले. आज या शास्त्राचे सगळे श्रेय प्राचीन ऋषींच्या पदरात घातले जाते. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत सांगितली आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या मनुस्मृतीने वैद्याचे अन्न पुवासारखे अपवित्र ठरवले आणि शूद्राने ज्या अवयवाने वरच्या वर्णाला इजा केली तो अवयव तोडावा असा दंड सांगितला, त्या व्यवस्थेत ही कला हातांनी जिवंत ठेवली ती विटा घडवणाऱ्यांनी. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्या कुंभाराच्या वारसांनी डॉक्टरपुढे गप्प बसण्याचे आता कारण नाही.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट सांगितले की, संमती म्हणजे नुसती सही नव्हे. कोणते उपचार करणार, कशासाठी, दुसरा पर्याय आहे का, धोके कोणते, उपचार न घेतल्यास काय होईल, याची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेला होकार हीच खरी संमती. तेव्हा अंगठा उठवण्याआधी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न : ऑपरेशन कोण करणार? एम.एस. झाल्यावर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा त्याच तोडीची डीएनबी पदवी घेतलेला डॉक्टर हा प्लास्टिक सर्जन. दारावर 'कॉस्मेटिक'ची चकचकीत पाटी लावणे ही पदवी नव्हे. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही.

दुसरा : काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही? प्लास्टिक सर्जरीने व्रण पुसला जातो, हा गैरसमज आहे. व्रण कमी करता येतो, त्याची जागा बदलता येते, आखडलेला सांधा सोडवता येतो. लावलेल्या कातडीचा रंग आजूबाजूच्या कातडीसारखा होईलच असे नाही.

तिसरा : कातडी कुठून घेणार? बहुधा मांडीवरून पातळ थर घेतात. ती दुसरी जखम असते. भरायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि कित्येकदा मूळ जागेपेक्षा तीच जास्त दुखते.

चौथा : किती ऑपरेशने लागतील? मूल वाढते, पण व्रणाची कातडी त्याच्याबरोबर तेवढी वाढत नाही. म्हणून लहान मुलांचे ऑपरेशन काही वर्षांनी पुन्हा करावे लागू शकते. हे आधी कळले तर पुढची तयारी ठेवता येते. नाही कळले तर "पहिले फसले" असे वाटते.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच दिघाशीला विचारला गेला नाही : नंतर काय करायचे? नवी कातडी महिनोन्‌महिने आक्रसायला बघते. म्हणून हाताला आधारपट्टी बांधावी लागते, बोटांचे व्यायाम करावे लागतात, तेल चोळावे लागते, ऊन टाळावे लागते. पट्टी दिवसा किती तास, रात्री किती, एकूण किती महिने, खाज सुटली तर काय करायचे, हे तोंडी नको, मराठीत लिहून मागा. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला सोबत न्या. त्या अनामिक कुंभारानेही नाक बसवल्यावर रुग्णाला पाच-सहा दिवस उताणा झोपवून ठेवले होते. आजारी भिक्खूची घाण तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतली, ही विनयपिटकातली कथा आपण विहारात ऐकतो. शुश्रूषा हा धम्माचा भाग आहे. ऑपरेशन सर्जन करतो, हात सरळ ठेवतात ते घरचे आणि वस्तीतले लोक.

जसे डॉक्टरने सांगायचे, तसे आपणही काही लपवायचे नाही. तंबाखू, मिश्री, विडी, सगळे सांगावे आणि ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद करावे. कावसजीच्या कपाळावरची कातडी नाकावर वळवताना दोन भुवयांमधली एक पट्टी जोडलेली ठेवली होती. त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर नवे नाक जगले. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि अशी वळवलेली कातडी काळी पडून मरू शकते. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सांगाव्यात. आधीच्या एखाद्या जखमेचा व्रण फुगून गाठीसारखा झाला असेल तर तो दाखवावा, कारण सावळ्या कातडीत असे व्रण जास्त होतात. आणि सिकलसेल! विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये हा आजार आढळतो. भूल देताना डॉक्टरला तो माहीत असणे जिवाच्या दृष्टीने गरजेचे आहे. तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्यावी.

दुभंगलेले ओठ घेऊन जन्मलेल्या बाळाबद्दल अजूनही बोलले जाते की, गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरली. हे धादांत खोटे आहे. त्या बाईला दोष देणे बंद करा आणि बाळाला रुग्णालयात न्या. ओठाचे ऑपरेशन साधारण तीन महिन्यांनंतर, बाळाचे वजन आणि रक्त पुरेसे असेल तेव्हा होते. टाळूचे साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत करतात. उशीर झाला की बोलणे नाकातून राहते. मुलांच्या अशा जन्मजात दोषांच्या तपासणीचा आणि मोफत उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरलाच, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येणारे पथक याच कार्यक्रमाचे. पंढरपूरला जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून येऊन वर्षानुवर्षे अशा मुलांची मोफत शिबिरे घेत. आम्ही त्यांचे ऋण मानतो. पण हक्क शिबिराची वाट बघत बसत नाही.

आता पैशाचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यानंतरच्या आणि अवयव पुन्हा कामाला लावणाऱ्या कित्येक शस्त्रक्रिया बसतात. २०२३ साली राज्य सरकारने योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. आधी त्याला गाठा आणि आपले ऑपरेशन यादीत आहे का ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ॲसिड हल्ल्यातील पीडितेवर खासगी रुग्णालयांनीही पुढच्या शस्त्रक्रियांसह मोफत उपचार करावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० एप्रिल २०१५ चा आदेश आहे. कामगार विम्याचे कार्ड असेल तर तेही दाखवा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली त्या योजनेचा अभ्यास सुरू झाला आणि १९४८ ला कायदा झाला. पण वीटभट्टीवरच्या कातकऱ्याच्या हातात ते कार्ड आजही नाही, हे आपल्या संघटनांनी विसरू नये. केसपेपरच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरवर नियमाने बंधनकारक आहे. त्या घ्या आणि जपून ठेवा.

हात भाजला तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. यंत्रात बोट तुटले तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. लवकर पोचलात तर ते पुन्हा जोडता येऊ शकते.

राहता राहिला प्रश्न सौंदर्याचा. लग्नाच्या बाजारात पोरगी खपावी म्हणून तिचे नाक आणि रंग बदलू पाहणाऱ्यांना आम्ही एवढेच म्हणू की, दोष तिच्या चेहऱ्यात नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. तरीही जी सज्ञान मुलगी स्वतःच्या मर्जीने जाईल, तिने वरचे सगळे प्रश्न दुप्पट जोराने विचारावेत. कारण तिथे योजनेचे पैसे नसतात आणि सवलतीच्या जाहिराती मात्र भरपूर असतात.

दिघाशीच्या त्या मुलीचा हात अजून सुधारू शकतो. आमच्या कार्यकर्त्यांनी तिला पुन्हा तपासणीला नेण्याचे ठरवले आहे. या वेळी कागद पुढे आला की आधी तो मोठ्याने वाचला जाईल, एकेक ओळ त्या माउलीला समजेपर्यंत. मग ती हवा असेल तर अंगठा देईल. प्रत्येक वस्तीतल्या एका तरी शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने हे काम अंगावर घ्यावे. रुग्णासोबत जावे आणि कागद वाचून दाखवावा. बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले ते याचसाठी.

जयभीम!