भीमगीतांच्या कॅसेट टिकल्या, कवीचे नाव का पुसले?

प्रस्थापितांची वर्तमानपत्रे आणि नियतकालिके अधूनमधून आवडत्या संगीत अल्बमच्या याद्या छापतात. त्यात नाट्यगीते असतात, भावगीते असतात, हिंदी चित्रपटांची गाणी असतात, इंग्रजी बँडही असतात. ज्या गाण्यांनी महाराष्ट्रातल्या लाखो माणसांना महाडचा संगर शिकवला, पुणे करार समजावला, बुद्ध दाखवला, ती भीमगीते मात्र त्या याद्यांत शोधूनही सापडत नाहीत. याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. आपली यादी आपणच केली पाहिजे. आणि ती करताना नुसता आठवणींचा उमाळा उपयोगाचा नाही, बाबासाहेबांनी शिकवलेली चिकित्साही हवी. तीस-चाळीस वर्षांपूर्वी जी कॅसेट आपण झिजेपर्यंत ऐकली, ती आज ऐकल्यावर टिकते काय? टिकत असेल तर कशाच्या बळावर?

या कॅसेटच्या मागे मोठी परंपरा आहे. तमाशाचा गण-गौळणीचा साचा घेऊन सत्यशोधकांनी त्यात आपला विचार भरला. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत आजही सांगितले जातात. पण जलसा संपला की आवाज हवेत विरून जाई. ग्रामोफोन रेकॉर्डचा धंदा मोजक्या कंपन्यांच्या हातात होता आणि तिथे वस्तीतल्या शाहिराला सहजी दार उघडत नसे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, लहान लहान कंपन्या निघाल्या आणि आपला गायक प्रथमच मोठ्या प्रमाणावर घरात आला. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास, दोन्ही बाजू मिळून आठ-दहा गाणी. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसालाही ती घेता येत होती. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागू लागले. पुस्तक वाचता न येणाऱ्या आयाबायांचे ग्रंथालय म्हणजे ही कॅसेट होय.

आमच्या यादीत पहिला आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. मंगळवेढ्याच्या मातीतला हा गायक २००४ साली आपल्यातून गेला. उघडा, खडा, माईकची पर्वा न करणारा आवाज. त्यांची भीमगीते आज ऐकली तरी ती जुनी वाटत नाहीत, कारण त्यांच्या गाण्यातला प्रत्येक शब्द कानाला स्पष्ट कळतो. पण बाजाराची गंमत पाहा. याच प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी देवळादेवळांत, मंडपामंडपांत वाजतात. जो समाज आपल्या वस्तीला शिवून घेत नव्हता, त्याची पहाट याच आवाजाने होते. त्यांच्या भक्तिगीतांवर लेख येतात, भीमगीतांवर येत नाहीत. बाजाराने आवाज घेतला आणि विचार बाजूला ठेवला.

दुसरे नाव विठ्ठल उमप यांचे. लोककलेचा इतका अभ्यास असलेला आणि तरीही विहाराच्या अंगणात तितक्याच सहजतेने गाणारा शाहीर विरळा. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीच्या मंचावरच त्यांनी देह ठेवला. तिसरे श्रावण यशवंते. त्यांनी कव्वालीला भीमाचा रंग चढवला. आणि मग आनंद व मिलिंद शिंदे. त्यांनी भीमगीत तरुणांच्या पायांपर्यंत, मिरवणुकीपर्यंत नेले.

आता चिकित्सा. या कॅसेटमधली सगळीच गाणी टिकलेली नाहीत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ज्या गाण्यांत बाबासाहेबांना अवतार केले आहे, नवसाला पावणारा देव केले आहे, ती गाणी आज ऐकताना अवघड वाटते. देवाच्या जागी भीम हा शब्द घालून भक्तिगीत भीमगीत होत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेऊन जे सोडले, ते गाण्याच्या मागच्या दाराने परत घरात घेण्याचे कारण नाही. तीच गोष्ट कव्वालीच्या मुकाबल्यातील काही गाण्यांची. समोरच्या गायिकेला बाई म्हणून हिणवणारी टोमणेबाजी त्या काळी टाळ्या घेऊन गेली, आज आपल्या मुलींसमोर ती कॅसेट लावता येत नाही. रमाईवरची काही गाणीही अशीच. तिचे शेण थापणे आणि उपाशी राहणे एवढेच सांगून ती थांबतात, तिच्या धीरामागची समज सांगत नाहीत.

मग टिकले काय? साधारण समज असा आहे की एखाद्या घटनेवरचे गाणे लवकर शिळे होते आणि सर्वसाधारण स्तुतीचे गाणे सदा टिकते. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. नुसत्या जयघोषाची शेकडो गाणी एकमेकांत मिसळून गेली. महाडच्या पाण्याचे, काळाराम मंदिराच्या दाराचे, हिंदू कोड बिलासाठी सोडलेल्या मंत्रिपदाचे गाणे मात्र उभे आहे. नामांतराच्या लढ्यातील गाणी घ्या. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मधल्या काळात घरे जळाली, पोचीराम कांबळेंसारखी माणसे मारली गेली, १९९३ साली गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. शाळेच्या पाठ्यपुस्तकात ही नावे शिकवलेली आम्हाला आठवत नाहीत, ती गाण्यांतून पोचली. गाणे ऐकून नातू विचारतो, हे पोचीराम कोण? तेव्हा त्या घरात इतिहासाचा तास सुरू होतो. आम्ही वकिलीच्या भाषेत सांगतो, असे गाणे म्हणजे साक्ष आहे. साक्षीला तारीख, ठिकाण आणि नाव लागते. ज्या गाण्यात ते आहे, ते उलटतपासणीत टिकते.

दुसरा आक्षेप चालींचा. भीमगीतांनी सिनेमाच्या चाली उसन्या घेतल्या म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पण ती चाल लोकांच्या तोंडी आधीच होती, म्हणून नवे शब्द एका ऐकण्यात पाठ झाले. ते वाहन होते. आणि काळाने काय केले पाहा. तो सिनेमा विस्मरणात गेला, त्यातले गाणे आजच्या पोरांना ठाऊक नाही. मूळ गाणे रेडिओवर लागले की ती म्हणतात, ही तर आपल्या भीमगीताची चाल! उसने घेतलेले आता आपल्या नावावर झाले आहे.

परंतु एका बाबतीत आपले मोठे नुकसान झाले. गायक उरला, कवी गेला. कॅसेटच्या कव्हरवर बारीक अक्षरात का होईना, गीतकाराचे नाव असायचे. वामनदादा कर्डक, हरेंद्र जाधव, लक्ष्मण राजगुरू, प्रतापसिंग बोदडे ही नावे आम्ही कव्हरवरच प्रथम वाचली. कॅसेटनंतर एमपीथ्रीची सीडी आली. एका तबकडीत शंभरावर गाणी, वर बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे चित्र, आत फक्त अनुक्रमांक. मग मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून घेण्याचे दिवस आले, तेव्हा चित्रही गेले. आज यूट्यूबवर तेच गाणे दहा जणांनी टाकलेले असते. टाकणाऱ्याचे नाव आणि फोन नंबर ठळक, गायकाचे नाव कधी बरोबर कधी चूक, कवीचे नाव बहुधा नाहीच.

आपल्या कवींनी यावर फार पूर्वी उपाय करून ठेवला होता. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेले आणि वय वाढल्यावर मुंबईत अक्षरओळख झालेले वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. कबीरांची हीच रीत, संतांची हीच रीत. कव्हर हरवले तरी नाव गाण्यातच राहावे. पण डीजेवाल्याने नेमके तेच शेवटचे कडवे कापले. धृपद चार वेळा, मध्ये ढोलाचा दणका आणि पुढचे गाणे. म्हणजे जे कॅसेटच्या बुरशीने केले नाही, ते आपल्याच मिरवणुकीने केले. शिवाय त्या आवाजात शब्द कळत नाहीत ते वेगळेच. ज्या गाण्याचे सगळे बळ शब्दात आहे, त्याचे शब्दच ऐकू येऊ नयेत, हा कोणता सन्मान?

विलास घोगरे यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. ते सहन न होऊन या शाहिराने चारच दिवसांत आयुष्य संपवले. त्यांचा आवाज आज आपण ऐकू शकतो, तो आनंद पटवर्धन यांनी माहितीपटांत जपला म्हणून. 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट २०११ साली आला. तो नसता तर त्या आवाजाचे काय झाले असते? आपल्या किती शाहिरांच्या वाट्याला असा कॅमेरा आला?

आता कायद्याचे बोलू. अनेक कवींनी थोड्याशा रोख रकमेत गाणे कायमचे लिहून दिले. त्यामुळे आता काहीच करता येत नाही, असा घरच्यांचा समज असतो. तो पूर्ण खरा नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही, ही रचना माझी आहे, असे सांगण्याचा कवीचा अधिकार शाबूत राहतो. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी कवीच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांना कर्तृत्वाचा हा दावा करता येत नव्हता. दुरुस्तीने तो अडसर काढला. त्याच दुरुस्तीने नव्या करारांसाठी असेही ठरवले की सिनेमाबाहेरच्या ध्वनिमुद्रणासाठी हक्क दिला तरी मानधनातील समान वाटा मागण्याचा कवीचा हक्क जात नाही. जुन्या करारांचे काय, ते कागद पाहून ठरेल. म्हणून कागद फेकू नका. मुदतही ध्यानात ठेवा. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे शब्दांवरचा हक्क टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. आणि एक विसंगती पाहा. ध्वनिमुद्रणावर कंपनीचा पत्ता, हक्कदाराचा पत्ता आणि प्रकाशनाचे वर्ष छापलेच पाहिजे, असे कलम ५२अ सांगते. त्या यादीत कवीच्या नावाचा उल्लेख नाही. कवीला ते कलम ५७ खाली भांडून घ्यावे लागते.

जतनाची वाटही कायद्यात आहे. कलम ५२ मध्ये २०१२ पासून तरतूद आहे की नफ्यासाठी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखादी कृती कॅसेटसारख्या रूपात असेल, तर जतनासाठी ती संगणकात साठवता येते. आपल्या विहारांतून, वसतिगृहांतून सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांनी वस्तीत पडून असलेल्या कॅसेट आपल्या संग्रहात जमा करून घ्याव्यात. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, लोखंडाचा थर सुटतो, फीत एकमेकीला चिकटते. एक चालू टेपरेकॉर्डर, एक संगणक आणि दोन तरुण एवढे पुरे. मात्र साठवणे वेगळे आणि इंटरनेटवर सर्वांना खुले करणे वेगळे. त्यासाठी हक्कदाराची परवानगी लागते, ती मागितली पाहिजे.

आणि कॅसेट उतरवून घेताना कव्हर आधी उतरवा. गीतकार, गायक, संगीतकार, वादक, कंपनी, वर्ष असेल ते सगळे वहीत लिहा. कव्हर नसेल तर शेवटचे कडवे लक्ष देऊन ऐका, कवी तिथे भेटेल. वामनदादांचे 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनचे' हे संग्रह आहेत, ते ताडून पाहा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना गाणी नावानिशी पाठ आहेत. जयंती मंडळांनी एवढा एकच नियम करावा की गाणे पूर्ण वाजेल आणि मंचावरून कवीचे नाव घेतले जाईल. गायकांना आमची हीच विनंती आहे.

आमची आवडती कॅसेट कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू, जिचे शब्द कळतात, जिच्यात घटना आहे आणि जिच्या कवीचे नाव आपल्याला सांगता येते ती. या कसोटीवर आपल्या घरातल्या कॅसेट एकदा तपासून पाहा. येत्या १४ एप्रिलच्या आत प्रत्येक विहारात निदान पन्नास गाण्यांची अशी नोंदवही तयार होणे अवघड नाही. ज्यांच्या शब्दांवर आपण उभे राहिलो, त्यांचे नाव लिहायला एक वही आणि थोडा वेळ लागतो. तेवढे आपण करू.

जय भीम!