धुक्यातले द्राक्ष आणि पाखरांचे द्राक्ष

इटलीच्या वायव्येस, आल्प्सच्या पायथ्याशी, पिएमाँते हा प्रांत आहे. तेथील लांगे टेकड्यांवरील ‘बारोलो’ या मद्याची कीर्ती जगभर आहे. पिणे न पिणे ज्याचे त्याने पाहावे. आपल्याला प्रयोजन द्राक्षांशी आहे.

बारोलो होते ते ‘नेब्बिओलो’ नावाच्या काळ्या द्राक्षापासून. ‘नेब्बिया’ म्हणजे धुके. त्यावरूनच हे नाव पडले असावे, असे पुष्कळांचे मत आहे. नाशिकचा बागायतदार छाटणीची कात्री हाती घेतो त्या ऑक्टोबरात तिकडे, धुके उतरू लागले असता, हे द्राक्ष तोडणीस येते. स्वभावाने मोठे मानी! कोंब सर्वांआधी, पिकणे सर्वांमागून; आणि जागा हवी ती दक्षिणाभिमुख उताराची, जेथे हिवाळ्यातील बर्फ आधी वितळते. त्याचे मद्य रंगाने फिकट, पण कोवळेपणी विलक्षण तुरट. म्हणून विक्रीपूर्वी ते किमान ३८ महिने मुरविण्याचा नियम आहे. त्यांपैकी १८ लाकडी पिंपात.

उरलेले उतार बार्बेरा आणि दोल्चेत्तो यांच्या वाट्याला येतात. दोल्चेत्तोचे नाव गोड, मद्य मात्र मुळीच गोड नाही. शेतकऱ्याच्या रोजच्या जेवणासोबत असत ती हीच.

तानारो नदीपलीकडे रोएरोच्या रेताड टेकड्या आहेत. तेथले ‘आर्नेइस’ हे पांढरे द्राक्ष. स्थानिक बोलीत या शब्दाचा अर्थ खट्याळ, द्वाड. ते लवकर पिकते व गोड असते; म्हणून नेब्बिओलोच्या ओळींलगत ते लावीत, हेतू हा की पाखरांनी त्यावर ताव मारावा आणि मोलाचे द्राक्ष वाचावे. एखाद्या वाणाच्या नशिबी याहून हलकी चाकरी ती कोणती यावी?

पुढे तेही दिवस सरले. या टेकड्यांवरचे दारिद्र्य किती कठोर होते, ते बेप्पे फेनोल्यो यांच्या १९५४ मधील ‘ला मालोरा’ या लघुकादंबरीत दिसते. तीत घरचा मुलगा परक्याच्या शेतावर राबावयास धाडला जातो. महायुद्धानंतर तरुण मंडळी तोरिनोच्या मोटार कारखान्यात आणि आल्बाच्या चॉकलेटच्या कारखान्यात गेली. मळे ओस पडले. जे राहिले त्यांत भाव येणारीच वेल टिकली. आर्नेइस जवळजवळ नामशेष झाले.

१९६७ च्या सुमारास विएत्ती मद्यशाळेचे आल्फ्रेदो कुर्रादो यांनी ठिकठिकाणची उरलीसुरली आर्नेइस द्राक्षे जमवून त्यांचे स्वतंत्र मद्य केले. हळूहळू इतरही त्या वाटेने आले. आज रोएरोत त्याची लागवड शेकडो हेक्टरांवर आहे. हे मद्य बारोलोसारखे वर्षानुवर्षे मुरवीत बसायचे नसते; ताजे असतानाच ते संपवितात.